दगडोबांचा निळा

दगडोबांचे चिरंजीव तराजू, तराजूंचे चिरंजीव उद्याया, आणि उद्यायांची एकुलती कन्या भिंगबाई. ही काही जन्माच्या वेळी ठेवलेली नावे नव्हेत; पण त्या गल्लीत खरी नावे विचारीत कोणी आले असते, तर टपालवाल्यानेसुद्धा डोके खाजवले असते. पणजोबा दगडावर उलटे चित्र काढून ते कागदावर सुलटे उतरवीत, म्हणून दगडोबा. आजोबा शाई कालवताना चिमूटभर रंगासाठीही तराजू मागवीत, म्हणून तराजू. वडिलांचा हात घराण्यात सर्वांत देखणा आणि सर्वांत संथ. गिऱ्हाईक उंबऱ्यावर दिसले की त्यांच्या तोंडून 'या' निघण्याआधी 'उद्या या' निघे. आणि भिंगबाईंच्या गळ्यात काळ्या दोरीला बांधलेले भिंग इतकी वर्षे होते, की ते काढून ठेवलेल्या दिवशी त्यांना कोणी ओळख दिली नसती.

छापखान्यात काळ बदलला तशी यंत्रे बदलली. दगड गेले, जस्ताचे पत्रे आले, पत्रे गेले आणि बारा रंगांच्या नळ्यांचे छपाईयंत्र आले. काम मात्र तेच राहिले: जुन्या चित्रांचे प्रिंट, जाड सुती कागदावर, मूळ चित्राच्या शेजारी ठेवले तर मूळ चित्राला अवघडल्यासारखे व्हावे असे. आणि दंडकही तोच राहिला, दगडोबांनी घातलेला. दोन प्रतींपैकी सरस असेल ती दाराबाहेर जायची, उणी घरात राहायची. या दंडकामुळे घराच्या भिंतींवर जे काही टांगलेले होते ते सारे नापास झालेले होते, आणि त्याचा घराला अभिमान होता.

त्या नापासांत पहिला मान होता शाई कालवायच्या दगडी फरशीच्या वर टांगलेल्या चौकटीचा. तिला 'पहिली छाप' म्हणत. पाचशे वर्षांपूर्वी, प्रबोधनकाळात, कुणा सरदाराने एका महाकाव्याची सचित्र पोथी करवून घेतली होती: वासराच्या कातड्याची तासून पातळ केलेली पाने, सोन्याचा वर्ख, आणि लाजवर्द नावाचा दगड कुटून काढलेला निळा. काव्यातली राणी समुद्रापार ओलीस पडलेल्या आपल्या भावाला सोडवायला निघते. तिच्या प्रस्थानाचे चित्र पूर्ण पानभर होते, पानाची पाठ कोरी: रात्र, समुद्र, नावेत पाय टाकणारी राणी आणि वर सोन्याच्या चांदण्या. पोथीची शिवण उसवली असताना ग्रंथसंग्रहालयाने ते एक पान सुटे करून दगडोबांकडे छपाईसाठी दिले होते. दगडोबांनी त्याचे प्रिंट कागदावर काढले, आणि हौसेखातर तशाच कातड्यावरही काढले. पान परत गेले. पोथी पुन्हा बांधली गेली. कातड्यावरची एक प्रत, राणीच्या पायांशी निळा नीट न बसल्यामुळे नापास झालेली, चौकटीत जाऊन भिंतीवर बसली.

नवशिक्याला त्या घरात पहिला धडा त्या चौकटीखालीच मिळे. उद्याया त्याच्यासमोर शाईचे डबे ठेवीत आणि म्हणत, हा निळा काढून दाखव. कोणालाही तो निघत नसे. मग उद्याया समाधानाने मान हलवीत. मलाही नाही निघत, तराजूंनाही नाही निघाला, ते दगडोबाच करू जाणे. भिंगबाई याच फरशीशी उभ्या राहून मोठ्या झाल्या, आणि आपल्या पणजोबांनी नापास केलेली छापसुद्धा पुढच्या तीन पिढ्यांना साधत नाही, या गोष्टीवर त्यांनी आपला सगळा ताठा उभा केला होता.

त्याच पोथीच्या सगळ्या चित्रांचे प्रिंट काढण्याचे काम ग्रंथसंग्रहालयाने जेव्हा छापखान्याला दिले, तेव्हा भिंगबाई मोठ्याने काही बोलल्या नाहीत. पण त्या दिवशी त्यांनी मुलाला दोनदा 'बाळ' म्हटले, ही गोष्ट सूनबाईंनी नोंदवून ठेवली. मुलगा यंत्र चालवी, सूनबाई संगणकावर रंग जुळवीत, आणि अखेरचा शब्द भिंगबाईंचा. प्रत्येक प्रिंटच्या पाठीवर एक ओळ छापायची होती, 'मूळ पानाशी ताडून पाहिले', आणि खाली त्यांची सही. ग्रंथसंग्रहालयाने काम दिले होते ते त्या सहीला.

अडचण एकच होती. सहीच्या मागच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. एका डोळ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती, दुसऱ्याची व्हायची होती. शस्त्रक्रियेनंतर पट्टी निघाली तेव्हा भिंगबाईंनी प्रथम आरशाला बोल लावला, मग स्वयंपाकघरात जाऊन ओट्यावर बोट फिरवले. सूनबाई नवऱ्याला म्हणाल्या, एक डोळा नवा आला तर घरातली धूळ दुप्पट झाली, दुसरा आल्यावर मला माहेरी पाठव.

सहीच्या कामासाठी भिंगबाई ग्रंथसंग्रहालयात गेल्या त्या प्रिंटची पेटी घेऊन, एकट्या. पोथी बाहेर जाऊ द्यायची नाही असा तिथला नियम होता, म्हणून उत्तरेच्या खिडकीखालचे लांब टेबल मोकळे करून ठेवले होते. संग्रहपाल निवृत्तीला टेकलेले गृहस्थ होते; पुस्तकांच्या सहवासात जेवढा आवाज लागतो तेवढाच ठेवून बाकीचा त्यांनी जणू परत केला होता. ते एकेक पान उलटीत, भिंगबाई शेजारी आपला प्रिंट ठेवीत, आधी भिंगातून पाहत, मग भिंग सोडून, मग एक डोळा मिटून, मग दुसरा. हे एकेक डोळा मिटणे नवे होते. जुन्या डोळ्याला सगळे जग चहात बुडवून काढल्यासारखे दिसे, नव्याला पहाटे धुतल्यासारखे, आणि कोणाचे खरे मानावे याचा त्यांचा अजून निकाल लागला नव्हता.

नव्या डोळ्याने पोथीतला निळा पाहून त्यांना मनातल्या मनात खाली बसावेसे वाटले. राजवाड्याचे छत, दूताचा झगा, शत्रूचा ध्वज; जिथे जिथे निळा होता तिथे तो रंगाने रंगवल्यासारखा नव्हे, आतून दिवा लावल्यासारखा दिसत होता. प्रिंटमधला निळा त्याच्या पंगतीला बसला होता, जवळ जवळ बसला होता; सूनबाईंचा हात चांगला होता.

मग प्रस्थानाचे पान आले.

"समोरच्या पानावरच्या डागाकडे बघू नका," संग्रहपाल म्हणाले. चित्रासमोरच्या पानावर, काव्याच्या ओळींच्या मध्ये, अंगठ्याएवढा निळसर डाग होता. "कुणी तरी शाईच्या हातांनी पान उलटलेलं दिसतंय. तुमच्याच धंद्यातलं कुणी असणार."

"आमच्या धंद्यातले लोक आधी हात धुतात," भिंगबाई म्हणाल्या, आणि भिंग डोळ्याला लावले.

त्यांनी जुन्या डोळ्याने पाहिले. ठीक होते. नव्या डोळ्याने पाहिले, आणि भिंग धरलेला हात टेबलावर टेकवला. समुद्र विझलेला होता. रात्रही विझलेली होती. आधीच्या पानातला निळा आतून उजळत होता आणि या पानातला वरून फासलेला होता. शिवाय त्यात हिरवट झाक होती, तळ्यातल्या पाण्यासारखी. त्यांनी मागचे पान उलटायला सांगितले, पुढचे सांगितले, पुन्हा हे. दोन्ही बाजूंचे निळे पेटलेले, मधला एकटा थंड.

"काही खटकतंय का, बाई?"

"उजेड बरा नाही आज," भिंगबाई म्हणाल्या.

संग्रहपालांनी खिडकीकडे पाहिले. आभाळ काचेसारखे स्वच्छ होते. ते सभ्य होते, त्यांनी पुढचे पान उलटले. भिंगबाईंनी बाकीच्या सर्व प्रिंटवर सह्या केल्या आणि प्रस्थानाचा प्रिंट सही न करता पेटीत परत ठेवला. त्यांच्या आयुष्यात असे पहिल्यांदाच घडत होते. पुढच्या आठवड्यात येते म्हणाल्या, आणि जिना उतरताना कठडा धरला, जो त्या कधी धरीत नसत.

घरी आल्यावर त्या छापखान्यात गेल्या नाहीत. डोके दुखते म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी कागद मोजायचे काम काढून कोठीघरात बसल्या. तिसऱ्या दिवशी शाईची सुरी त्यांनी भाजीच्या सुऱ्यांत ठेवली, आणि सूनबाईंना कळून चुकले की डोके दुखत नाही, डोक्यात काही तरी आहे. शाईच्या फरशीच्या वर चौकट होती, आणि भिंगबाईंना तिच्यासमोर उभे राहायचे धैर्य होत नव्हते. शस्त्रक्रियेनंतर त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलेच नव्हते. ज्या वस्तूसमोर माणूस लहानाचे मोठे होते तिच्याकडे ते पाहत नाही, ती तिथे आहे असे धरून चालते.

त्यांच्या भीतीला दोन दारे होती आणि दोन्ही खड्ड्यात उघडत होती. नवा डोळा चुकत असेल, तर भिंगबाई संपल्या. ज्या नजरेच्या जोरावर चार पिढ्यांचा छापखाना उभा होता ती नजर गेली, आणि पेटीतल्या सगळ्या सह्या खोट्या ठरल्या. नवा डोळा बरोबर असेल, तर त्याहून वाईट. कारण ग्रंथसंग्रहालयातले पान जर थंड निघाले, तर मग पेटलेले पान कुठे आहे, हा प्रश्न उभा राहत होता. आणि त्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या घराच्या भिंतीवर, खिळ्याला टांगलेले होते. अंथरुणावर पडल्या पडल्या त्या स्वतःला सांगत, डॉक्टर म्हणालेच होते, थोडे दिवस रंग वेगळे दिसतील. मग उठून पाणी पीत, आणि पेल्याच्या निळ्या काठाकडे एकेक डोळा मिटून पाहत.

शेवटी एका सकाळी, यंत्र सुरू व्हायच्या आधी, त्या छापखान्यात गेल्या, जुना डोळा तळहाताने झाकला आणि मान वर केली.

चौकटीतला समुद्र पेटलेला होता.

त्या स्टुलावर बसल्या. मुलगा आत आला तेव्हा त्या तशाच, एक डोळा झाकून बसलेल्या होत्या, आणि तो घाबरून म्हणाला की डोळ्यात काही गेले का, डॉक्टरांना फोन करू का. भिंगबाईंनी त्याला बसायला सांगितले, सूनबाईंना हाक मारली, आणि पाहिले तेवढे सगळे सांगितले. न पाहिलेले काही सांगितले नाही.

मुलाने ऐकून घेतले. मग समजुतीच्या सुरात, जसे आजारी माणसाशी बोलतात तसे बोलू लागला. डॉक्टरांनी काय सांगितले होते त्याची आठवण करून दिली. आपल्याला तर पोथीतले सगळे निळे सारखेच दिसले होते, संग्रहपालांनाही, आणि त्यांच्या आधीच्या कितीतरी विद्वानांना. एवढ्या सगळ्यांचे डोळे चुकीचे आणि एकाच म्हातारीचा, तोही अर्धा, बरोबर, असे कसे होईल. 'म्हातारी' हा शब्द त्याच्या तोंडून निसटला आणि त्याने जीभ चावली.

"म्हातारी तर म्हातारी," भिंगबाई म्हणाल्या. "पण इथे मतदान नाही घ्यायचंय."

सूनबाई इतका वेळ संगणकापाशी होत्या. त्यांनी संगणकावर प्रस्थानाच्या पानाचे ग्रंथसंग्रहालयात काढलेले मूळ छायाचित्र उघडले होते, हात न लावलेले, आणि ते मोठे करीत नेले होते. आता त्या म्हणाल्या, "आई, एक विचारू? रागावणार नाही ना?" त्यांनी पडद्यावर बोट ठेवले. आभाळाच्या वरच्या कोपऱ्यातून, दोन चांदण्यांमधून, एक फिकट रेघ तिरकी खाली उतरत होती, केसाहून बारीक. "प्रिंट करताना मला वाटलं, फोटो काढताना पानावर केस पडलाय. म्हणून मी पुसून टाकला."

मुलगा म्हणाला की केसच असेल. भिंगबाई मात्र उठून उभ्या राहिल्या होत्या.

दगडोबांचे दगड तराजूंच्या काळातच घासून घासून संपले किंवा विकले गेले. फक्त एक राहिला होता, जिन्याखाली, कारण तो विकत घ्यायला कोणी तयार नव्हते. त्याला तडा होता. त्याच्यावर कित्येक वर्षे रद्दीचे गठ्ठे रचले जात होते. मुलाने गठ्ठे हलवले, सूनबाईंनी ओले फडके फिरवले, आणि दगडाच्या अंगात मुरलेले जुने चित्र सावलीसारखे वर आले: समुद्राच्या लाटा, नावेची कड, चांदण्यांसाठी सोडलेल्या मोकळ्या जागा. सगळे उलटे, दगडावर असते तसे. प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे; हा निळ्याचा होता. भिंगबाईंनी घरातला आरसा आणवला, ज्याला त्यांनी मागे बोल लावला होता तोच, आणि दगडासमोर धरला. आरशात चित्र सुलटे झाले. तडा वरच्या कोपऱ्यातून, दोन चांदण्यांच्या मोकळ्या जागांमधून, तिरका खाली उतरत होता.

जिन्याखाली तिघेही वाकून उभे होते आणि कोणी सरळ होईना.

मुलानेच आधी शब्द काढला, कारण मनातली भीती त्याला जास्त वेळ आत ठेवता येत नसे. तो म्हणाला की ग्रंथसंग्रहालयात दगडाची छाप आहे, म्हणजे तिथे गेलेले पान खरे नव्हते. म्हणजे पणजोबांनी, म्हणजे खापरपणजोबांनी... आणि थांबला. मग एकदम व्यवहाराच्या गोष्टी बोलू लागला. एवढ्या वर्षांत कोणाला कळले नाही, आता कळायचे कारण नाही. केस पुसलाच आहे. सही करून टाक आणि चौकट आतल्या खोलीत ठेवू. हे बाहेर पडले तर लोक विचारणार नाहीत की चूक होती का काय होते. लोक चोर म्हणतील, आपल्याला म्हणतील, आणि उद्यापासून कोण एक जुने चित्र विश्वासाने या दारात आणून देईल?

यातला एकही शब्द खोटा नव्हता. चोर हा शब्द त्यांनी स्वतःशी आधीच उच्चारून पाहिला होता. दगडोबांना पान आवडले असेल. त्यांनी ते ठेवून घेतले असेल. 'राणीच्या पायांशी निळा नीट बसला नाही' ही गोष्ट मुद्दाम रचली असेल. उद्याया नवशिक्यांना ज्या निळ्याने जिंकीत होते तो निळा कुणाच्या हातचा नव्हताच. चोरीच्या मालावर त्या घराचा अभिमान पोसला गेला होता. त्यांना आठवले की लहानपणी त्या चौकटीसमोर उभ्या राहून त्यांनी मनातल्या मनात म्हटले होते, मी पण यांच्यासारखी होईन.

त्या दिवशी घरात कोणी धड जेवले नाही. संध्याकाळच्या चहाच्या वेळी भिंगबाईंनी मुलाला छापखान्यात बोलावले. शाईची फरशी पुसून कोरडी केलेली होती आणि तिच्यावर शेजारी शेजारी दोन चित्रे ठेवली होती: चौकटीतून काढलेले पान, आणि पेटीत परत आलेला, सूनबाईंनी केस पुसून काढलेला, सही नसलेला प्रिंट. त्याच्याशी त्या नेहमीच्या कामाच्या आवाजात बोलल्या.

"गिऱ्हाईक बाहेर उभं आहे. दोन्ही तुझ्यासमोर आहेत. कोणतं बांधायचं?"

चाळीस वर्षांची सवय विचार करायला थांबत नाही. चौकटीतले पान थकलेले होते. कडा पिवळ्या, एक दोन चांदण्यांचा वर्ख उडालेला, आणि राणीच्या पायांशी निळा खरवडल्यासारखा गेलेला. प्रिंट नितळ होता, समुद्र काठोकाठ भरलेला. मुलाचा हात प्रिंटकडे गेला, त्याने तो उचललाही, आणि मग त्याच्या लक्षात आले की आपण काय करून बसलो. त्याने आईकडे पाहिले.

"दगडोबांनी कातड्यावरची आपली छाप अशीच शेजारी ठेवली असेल," भिंगबाई म्हणाल्या. "किंवा बांधणाऱ्या गड्याने ठेवली असेल. त्यालाही दंडक पाठ होता. जी सरस ती बाहेर." त्यांनी राणीच्या पायांशी गेलेल्या निळ्याकडे बोट केले. "जे झिजलं होतं ते शेकडो वर्षं माणसांनी बघून झिजलं होतं, रे. त्यांना वाटलं, आपली शाई नीट बसली नाही."

मुलाने प्रिंट हळूच खाली ठेवला. मग त्याने विचारले, म्हणजे चोरी नव्हती, असे आईला नक्की वाटते का.

"नक्की मला काहीच वाटत नाही. नक्की एवढंच, की वस्तू त्यांची आहे."

पुढच्या आठवड्यात भिंगबाईंनी पान दोन पुठ्ठ्यांमध्ये, बिनआम्लाच्या कागदात गुंडाळले आणि दाराबाहेर पाऊल टाकले. मुलगा बरोबर येतो म्हणाला. त्यांनी नको म्हटले. मग सूनबाई न विचारता चप्पल घालून मागून निघाल्या आणि भिंगबाईंनी त्यांना पाहिले नाही असे दाखवले. वाटेत त्यांना प्रत्येक धक्का छातीत बसत होता. पान काखेत होते आणि ते आपले नव्हते, ही जाणीव आता इतकी टोचत होती, की जणू आजच ते कुठून तरी उचलून आणले होते. ग्रंथसंग्रहालयाच्या दाराशी समोरून पहारेकरी आला तरी त्या बाजूला सरकल्या.

उत्तरेच्या खिडकीखाली टेबल मोकळे होते. संग्रहपालांनी पोथी प्रस्थानाच्या पानावर उघडून ठेवली होती आणि आज उजेड उत्तम आहे असे हसत म्हणाले. भिंगबाईंनी हसण्याला उत्तर दिले नाही. त्यांनी उभ्या उभ्याच सगळे सांगितले: डोळा, तडा, दगड, दंडक. कमी काही केले नाही आणि आपल्या बाजूने वाढवलेही नाही. मग पुठ्ठे उघडले.

संग्रहपाल पुढे झाले. त्यांनी पान खिडकीकडे नेले, परत आणले, पोथीतल्या पानाजवळ धरले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. भिंगबाईंना त्या क्षणी कळले की भीती एका बाजूलाच नव्हती. या माणसाने आयुष्यभर लोकांना त्या पानासमोर उभे केले होते.

"मी पाहुण्यांना सांगत आलोय," ते शेवटी म्हणाले, "की हा निळा पाहा. असा निळा पुन्हा होणे नाही." त्यांनी चष्मा काढला. "आणि ते मान हलवत आलेत."

"दगडोबांना कळलं तर बरं वाटेल त्यांना," सूनबाई दाराजवळून म्हणाल्या, आणि म्हटल्यावर स्वतःच गोंधळल्या.

संग्रहपाल हसले नाहीत, पण त्यांचे खांदे थोडे खाली आले. मग ते कामाचे बोलू लागले. हे वर कळवावे लागेल. चौकशी बसेल. लोक काय म्हणतील ते सांगता येत नाही. प्रिंटचे काम छापखान्याकडे राहील की नाही, तेही आता त्यांच्या हातात नाही. भिंगबाई म्हणाल्या की त्यांनी ते विचारलेले नाही. ते म्हणाले, पान खरेच तेच आहे हे तज्ज्ञ तपासतील तेव्हा ठरेल. त्या म्हणाल्या, अवश्य तपासा. दोघेही इतक्या औपचारिकपणे बोलत होते, की बाहेरच्या माणसाला वाटले असते, खुर्च्यांच्या दुरुस्तीचे बोलणे चालले आहे. पण पान दोघांच्या मध्ये टेबलावर पडले होते, आणि दोघांचेही हात त्यापासून वीतभर दूर थबकले होते.

मग संग्रहपालांना काही सुचले. त्यांनी दोन्ही हातांनी पान उचलले, ते चित्राच्या बाजूने खाली करून पोथीतल्या समोरच्या पानावर, काव्याच्या ओळींवर, कडेला कड लावून ठेवले. पोथी मिटली असती तर चित्र जसे टेकले असते तसे. क्षणभर थांबून त्यांनी पानाची बाहेरची कड उचलली आणि पान बिजागरीसारखे उलगडले.

भिंगबाईंनी जुना डोळा मिटला.

समोरच्या पानावर ओळींच्या मध्ये अंगठ्याएवढा निळसर डाग होता. राणीच्या पायांशी, बरोबर त्याच जागी, अंगठ्याएवढाच निळा गेलेला होता. कड जिथे वळत होती तिथे डाग वळत होता. एक बारीक टोक जिथे नावेकडे निघाले होते तिथे डागाचे टोक निघाले होते. शेकडो वर्षे समोरासमोर मिटून राहिलेल्या त्या दोन पानांनी एकमेकांचा रंग घेऊन ठेवला होता, आणि एक पान घराबाहेर होते तरी दुसऱ्याने त्याचा वाटा सांभाळला होता.

"मी त्याला शाईचा हात म्हणायचो," संग्रहपाल म्हणाले.

"आणि आम्ही म्हणायचो, शाई बसली नाही," भिंगबाई म्हणाल्या.

पोथी पुन्हा बांधताना शिवणीच्या पट्टीला चिकटवलेली दगडोबांची छाप सोडवायला वेळ लागणार होता. सुटली की ती तुमच्याकडे येईल, हे संग्रहपालांनी न विचारता सांगितले. भिंगबाईंनी मान हलवली. मग त्यांनी गळ्यातले भिंग उचलून राणीच्या पायांशी एकदा नीट पाहिले, भिंग खाली सोडले, आणि रिकामे पुठ्ठे एकमेकांवर ठेवून काखेत मारले. दगडोबांच्या घरी राहिलेले पान ग्रंथसंग्रहालयाला परत मिळाले होते. त्यातला एक कणही आता त्या घराकडे राहिला नव्हता.